‘सेंट लुईस ब्लूज’, पायपेटी आणि एक माईक: सांगलीतल्या प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार, भाऊबीज

ताई ओवाळायला आली आणि रात्री जेवूनच गेली. मधल्या वेळात हे ठरलं.

मी तिला अमेरिकी ब्लूज गायिका बेसी स्मिथची ‘सेंट लुईस ब्लूज’ ऐकवत होतो. पहिली ओळ संपायच्या आत तिने हात वर केला. ‘‘थांब. मागे पेटी वाजतेय का?’’

पेटीच. १४ जानेवारी १९२५, न्यूयॉर्क. गाणारी बेसी स्मिथ, कॉर्नेटवर, म्हणजे छोट्या ट्रम्पेटसारख्या वाद्यावर, २३ वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग, आणि साथीला फ्रेड लाँगशॉ, तोही पियानोवर नाही तर पायाने भाता मारायच्या रीड ऑर्गनवर. ढोल नाही, गिटार नाही. तीन माणसं आणि तीन मिनिटांहून थोडं जास्त वाजणारी एक तबकडी. मी हे गाणं पंधरा वर्षं ऐकतोय, पण ‘पेटी’ हा शब्द माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. ताईने तो आपल्या घरातला आवाज म्हणून ओळखला.

येत्या संक्रांतीला त्या ध्वनिमुद्रणाला शंभर वर्षं होतात. त्याच दिवशी, तिघांनी, एका खोलीत, एका दमात वाजवून रेकॉर्ड करायचं आणि ऑनलाइन ठेवायचं. तुकडे जोडायचे नाहीत. ताई गाणार. पेटीला अण्णांना विचारायचं. कॉर्नेटचं काय ते अजून माहीत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

अण्णा तयार झाले. ते भजनी मंडळात चाळीस वर्षं पेटी वाजवतात. मी त्यांना ब्लूजची रचना सांगायला कागद घेऊन बसलो होतो, त्याची गरजच पडली नाही. बारा बार, प्रत्येकात चार मात्रा, म्हणजे ४८. ओळी तीन. अण्णा बोटांवर मोजून म्हणाले, ‘‘मग तीनतालाची तीन आवर्तनं झाली की. एका ओळीला एक.’’

इतकं सोपं करून मला कोणी सांगितलं नव्हतं. पुढे तर मजाच आहे. ओळीतला शेवटचा शब्द जवळजवळ नवव्या मात्रेवर, म्हणजे खालीवर येऊन टेकतो, आणि तिथून समेपर्यंतची जागा आर्मस्ट्राँगची. दुसऱ्या ओळीत तेच शब्द पुन्हा येतात, पण खालचा आधार सा सोडून मध्यमावर गेलेला असतो. तिसरी ओळ पंचमावर सुरू होते आणि घरी येते. अण्णांनी हाताने टाळी-खाली देत तबकडी तीनदा ऐकली.

अडचण एकच, पण मोठी. हातपेटीत डावा हात भात्याला जातो. लाँगशॉचे दोन्ही हात मोकळे होते. खालचे सूर धरून ठेवायचे आणि वर भरायचं, हे एका हाताने होत नाही. अण्णांनी प्रयत्न करून पाहिला, बोटं पुरेनात. पायपेटी हवी.

१७ नोव्हेंबर, रविवार

ऑर्गन सापडला.

सांगलीत तो सापडावा यात नवल नाही. विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ इथेच १८४३ साली केलं, आणि पुढे बालगंधर्वांच्या नाटकांनी ऑर्गनची साथ घराघरांत पोचवली. गावभागातल्या एका जुन्या हौशी मंडळाच्या सामानाच्या खोलीत, रंगवलेल्या राजवाड्याच्या पडद्यामागे तो उभा होता. पाच सप्तकं, दोन पायटे, वरच्या फळीवर चहाच्या कपांचे गोल डाग. मंडळाच्या सचिवांनी एकच अट घातली: दुरुस्त करून परत द्या.

पायटे दाबून पाहिले. नुसता सुस्कारा आला. पट्ट्यांपैकी ११ मुक्या, दोन दाबल्या की वर येत नाहीत, आणि मधल्या सप्तकातला एक सूर आपोआप वाजत राहतो.

१ डिसेंबर, रविवार

टेम्पोतून ऑर्गन मिरजेला. तंबोऱ्यांच्या गावात पेटीचाही हात असलेला कारागीर अण्णांच्या ओळखीचा निघाला. मी दिवसभर शेजारी बसून पाहिलं, आणि ते इथे सविस्तर लिहून ठेवतो, कारण असं काम पाहायला मिळणं कमी होत चाललंय.

आपली हातपेटी हवा बाहेर ढकलते. हा अमेरिकी पद्धतीचा ऑर्गन हवा आत ओढतो. पायटे दाबले की भात्यात पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा रीडमधून आत जाते. त्यामुळे भात्याला भोक असलं की आवाज फक्त लहान होत नाही, तो उशिरा येतो. भात्याचं रबर लावलेलं कापड घडीवर चिरलेलं होतं, आणि एका कोपऱ्यात उंदराने कुरतडलेलं. कारागिराने जुनं कापड सोलून काढलं, लाकडावरचा जुना डिंक ओल्या फडक्याने भिजवून खरवडला, नवीन कापड बेतलं. घड्या जुन्याच रेषांवर पडल्या पाहिजेत म्हणून त्याने आधी कागदाचा नमुना कापला.

मग रीड. त्याने आकड्यासारख्या हत्याराने एकेक रीड खाचेतून ओढून काढली. पितळेची पट्टी, तिच्यात कापलेली जीभ. मुक्या अकरांपैकी नऊ फक्त धुळीने बसल्या होत्या. बारीक ब्रश फिरवला, खाली कागद धरून जीभ हलकेच उचलली, सोडली, आणि ती बोलली. एकीच्या जिभेखाली तांदळाची कणी होती. राहिलेल्या दोन तुटक्या, त्या दुसऱ्या मोडीत काढलेल्या ऑर्गनमधून मिळाल्या. त्या सुरात आणायच्या होत्या. जिभेचं टोक खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. ‘‘टोकाला हात जपून,’’ तो म्हणाला. ‘‘गेलेलं पितळ परत येत नाही.’’ दोन-तीन वेळा घासायचं, खाचेत घालायची, ऐकायचं, पुन्हा काढायची. एका रीडला पाऊण तास लागला.

संध्याकाळी अण्णांनी पायटे मारले आणि सा-प धरला. दुकानातले दोघे हातातलं काम ठेवून उठून आले.

८ डिसेंबर, रविवार

ताईचा पहिला सराव. तिचं शिक्षण शास्त्रीय, आणि आज तेच आडवं आलं.

ब्लूजचा गंधार कोमलही नाही आणि शुद्धही नाही, दोन्हींच्या मध्ये कुठेतरी राहतो. ताईने तो पहिल्यांदा दरबारीसारखा आंदोलित घेतला. ऐकायला सुंदर होता, पण चुकीचा. दरबारीतला गंधार कोमलाच्याही खाली डुलतो. हा कोमलाच्या वर जाऊन थांबतो आणि शुद्धाला हात लावतो न लावतो असं करून परत घसरतो. ऑर्गनवर तर मधली पट्टीच नाही. अण्णांनी मार्ग काढला: कोमल गंधाराला ओझरतं बोट लावून लगेच शुद्धावर. ऑर्गन तिकडे अडखळतो आणि गळा मधून जातो. त्या घर्षणातच रंग आहे, असं मला आज स्पष्ट कळलं.

दुसरी गोष्ट हरकतींची. ताईच्या गळ्यात मुरकी आपोआप येते. बेसी स्मिथ मोजक्या स्वरांत गाते आणि प्रत्येक शब्दावर बसते. आज एक तास नुसती पहिली ओळ घेतली. सूर्य मावळताना बघवत नाही, एवढंच त्या ओळीत आहे.

पट्टी ठरली: काळी पाच.

१५ डिसेंबर, रविवार

शब्दांवर बसलो. रचनाकार डब्ल्यू. सी. हँडीने हे गाणं १९१४ साली प्रसिद्ध केलं. त्याआधी २२ वर्षं, १८९२ मध्ये, तो सेंट लुईसला पैशाविना अडकला होता आणि मिसिसिपीच्या धक्क्यावरच्या दगडांवर झोपत होता. तिथल्या रस्त्यावर एक बाई नवऱ्याच्या दुःखाने झोकांड्या खात जाताना त्याने पाहिली. नवऱ्याचं काळीज समुद्रात फेकलेल्या दगडासारखं आहे, असं ती पुटपुटत होती. ते वाक्य त्याने जपलं आणि गाण्यात घातलं. आत्मचरित्रात त्याने हे सांगितलंय.

मधल्या कडव्यात ती दुसरी बाई येते. हिऱ्याच्या अंगठ्या घातलेली, माझ्या माणसाला आपल्या एप्रनच्या नाडीला बांधून फिरवणारी, पावडर लावणारी, विकतच्या केसांची. ताई एकदम म्हणाली, ‘‘म्हणजे पदराला बांधलाय आणि गंगावन लावलंय!’’ त्यानंतर ते कडवं तिला वेगळं सांगावं लागलं नाही. तिच्या आवाजात राग आला, तो तोवर नव्हता.

उच्चारांचा प्रश्न उरला होता. ताईचा निर्णय: बेसीच्या बोलीची नक्कल करायची नाही. शब्द तिचे, तोंड आपलं. मला हे पटतं. शंभर वर्षांपूर्वीच्या काळ्या अमेरिकी बाईचा हेल उसना घेणं हा तिचा मान राखणं नाही.

संगीताबद्दल एक नोंद. हे मधलं कडवं १६ बारचं आहे आणि मायनरमध्ये आहे. कोमल गंधार, कोमल धैवत, पण निषाद शुद्ध. अण्णा म्हणाले कीरवाणीसारखं. हँडीने इथे टँगोची, म्हणजे हाबानेराची लय लिहिली. १९०० साली तो एका मिन्स्ट्रेल कंपनीबरोबर, म्हणजे गाण्या-नकलांचे फिरते खेळ करणाऱ्या मंडळीबरोबर, क्युबाला जाऊन आला होता आणि ती लय त्याच्या कानात होती. आम्ही ती अण्णांच्या डाव्या हातात अगदी हलकी ठेवतोय.

२२ डिसेंबर, रविवार

कॉर्नेटचा प्रश्न सुटला. लग्नाच्या बँडमधले मास्तर येणार आहेत. तुळशीच्या लग्नापासून आजवर त्यांना फोनवरही बोलायला उसंत नव्हती, रोज एक सुपारी. आता धनुर्मास आणि पुढे पौष, मुहूर्त नाहीत, मास्तर मोकळे.

त्यांच्याकडे ट्रम्पेट आहे, बी फ्लॅटची. ताईची काळी पाच म्हणजे नेमका बी फ्लॅट. मास्तरांचा बोट न दाबता येणारा सूर ताईच्या सा वर बसतो. ठरवून पट्टी निवडली असती तरी इतकी जुळली नसती.

त्यांना नोटेशन नको होतं, तबकडी हवी होती. दोनदा ऐकली. पहिल्यांदा त्यांनी वाजवलं ते ताईच्या अंगावरून गेलं. वरातीत शंभर माणसांच्या वर आवाज काढायची सवय, आणि ओळ संपायच्या आधीच सुरू. मी समजावू लागलो की गाणारी बोलते आणि तुम्ही उत्तर देता. त्यांनी मला अडवलं. ‘‘झील धरायची म्हणा ना.’’ पोवाड्यातल्या झीलकऱ्यांत त्यांचे वडील होते. त्यानंतरची ओळ त्यांनी तीन सुरांत वाजवली. ताईने मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

ढोलकीचा विषय निघाला होता, तो सोडला. माझ्या गिटारचाही. मूळ तबकडीत नाही आणि या तिघांच्या मध्ये जागाही नाही. मी रेकॉर्डिंग बघतो.

५ जानेवारी २०२५, रविवार

माईकची चाचणी. जागा आमच्या वाड्याची माडी. लाकडी तक्तपोशी, मातीच्या भिंती, घुमारा कमी.

१४ जानेवारी १९२५ चं ध्वनिमुद्रण कर्ण्यात झालं होतं, माईक नव्हताच. कर्ण्याच्या टोकाशी पडदा, पडद्याला सुई, सुईखाली मेण. कोलंबिया कंपनीने वीजेवरचं ध्वनिमुद्रण पुढच्याच महिन्यात सुरू केलं. कर्ण्याच्या काळात आवाजाचं मिश्रण म्हणजे माणूस कुठे उभा आहे ते. १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरच्या बँडबरोबर रेकॉर्ड करताना आर्मस्ट्राँगला इतरांपासून बराच लांब उभं करावं लागलं, अशी आठवण त्या बँडची पियानोवादक लिल हार्डिनने सांगितली आहे. आम्हीही तेच करतोय. एक कंडेन्सर माईक, मोनो, आणि फरशीवर खडूच्या खुणा.

ताई दीड फुटावर. ऑर्गन चार फुटांवर, पाठ माईककडे, कारण आवाज मागच्या जाळीतून जास्त मोकळा येतो. मास्तर आधी आठ फुटांवर, मग अकरा, शेवटी जिन्याच्या दारात, तरीही जास्तच. मग त्यांनी बँडच्या गणवेशाची टोपी काढून ट्रम्पेटच्या तोंडापुढे धरली. आवाज मऊ झाला, आणि टोपी उघडझाप केली की ट्रम्पेट बोलल्यासारखी वाटायला लागली. हीच युक्ती जॅझवाले हॅटने करत आलेत, हे मी त्यांना नंतर सांगितलं.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सर्वांत मोठा आवाज उणे दहा डेसिबलच्या आत राहील असा गेन, म्हणजे माईकची पातळी.

१२ जानेवारी, रविवार

हक्कांची तपासणी, थोडक्यात. हँडी १९५८ मध्ये वारला. भारतात रचनेचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २०१८ च्या अखेरीस संपला. अमेरिकेतही १९१४ चं प्रकाशन आता मुक्त आहे. म्हणजे गाणं वाजवायला आणि ठेवायला अडचण नाही.

बेसीची तबकडी मात्र वेगळी. ध्वनिमुद्रणाचा हक्क रचनेपासून स्वतंत्र असतो. भारतात तो कधीच संपलाय, पण अमेरिकी कायद्याने १९२५ ची तबकडी २०२५ च्या अखेरपर्यंत बंद आहे. तिचा तुकडा आपल्या व्हिडिओच्या सुरुवातीला लावायचा माझा बेत होता. तो रद्द. वर्णनात गाणारी, वाजवणारे, तारीख आणि रचनाकाराचं नाव लिहायचं.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

सकाळी सात. थंडी. पंखा बंद, फ्रिज बंद, खालच्या काकूंना सांगून कुकर नऊनंतर.

मास्तरांची ट्रम्पेट गार होती आणि उतरलेली. पितळ गार असलं की सूर खाली बसतो. ऑर्गन कोणासाठी वर-खाली होत नाही, त्यामुळे वीस मिनिटं ते नुसती गरम हवा फुंकत माडीत फिरले.

पहिली वेळ: मधल्या कडव्यात शिरताना अण्णांचा पाय पायट्यावरून सटकला. थांबलो.

दुसरी वेळ: सगळं बरोबर. ताई एकही शब्द चुकली नाही, मास्तर प्रत्येक जागी वेळेवर. ऐकून पाहिलं. तिघंही एकमेकांना जपून होते. त्यात चूक नव्हती आणि भेटही नव्हती.

मग तिळगूळ खाल्ला, चहा झाला. नऊ वाजत आले होते. मी म्हटलं एकच अजून.

तिसरी वेळ. ताईने पहिली ओळ आधीच्यापेक्षा सावकाश घेतली. अण्णांनी तिच्यासाठी सूर धरून ठेवला. दुसऱ्या ओळीच्या शेवटी मास्तरांनी उत्तर दिलंच नाही, पूर्ण चार मात्रा रिकाम्या ठेवल्या, आणि मग एकच लांब सूर. ताईने तो सूर संपायची वाट पाहिली. समेवर ती किंचित उशिरा आली आणि अण्णा तिच्याबरोबर उशिरा आले. मधल्या कडव्यात एका शब्दाच्या जागी दुसरा गेला. शेवटच्या बारा बारमध्ये ऑर्गनच्या डाव्या पायट्याची करकर स्पष्ट ऐकू येते. शेवटचा सूर विरला, मी बटण दाबलं, आणि लगेच खालून कुकरची पहिली शिट्टी झाली; रेकॉर्डिंगमध्ये ती आली नाही.

३ मिनिटं २४ सेकंद. मोनो फाइल, सुमारे २९ एमबी. कोणी काही बोललं नाही. अण्णांनी झाकण लावलं.

हीच ठेवायची.

१९ जानेवारी, रविवार

काम अगदी कमी केलं. पुढची-मागची शांतता कापली, ४० हर्ट्झच्या खालची घरघर काढली, एकूण आवाज थोडा वर घेतला. करकर तशीच. चुकलेला शब्दही तसाच. दुसऱ्या वेळेतून बरोबर शब्द उचलून चिकटवता आला असता. पण मग ती त्या सकाळची गोष्ट राहत नाही.

व्हिडिओ एकाच फोनवरचा, एका कोनातून. रात्री नऊला ठेवला. वर्णनात हँडी, बेसी स्मिथ, आर्मस्ट्राँग, लाँगशॉ, १४ जानेवारी १९२५. आणि मिरजेच्या कारागिराला श्रेय, नाव नको म्हणाला म्हणून नावाशिवाय.

२६ जानेवारी, रविवार

आठवड्यातच आपोआप दावा आला. कुठल्या तरी कंपनीच्या यंत्राने आमचं रेकॉर्डिंग त्यांच्या मालकीचं म्हणून ओळखलं. वाईट वाटलं, विशेषतः अण्णांना. ‘‘माझा पाय वाजतोय त्यात,’’ ते म्हणाले. हरकत नोंदवली: रचना मुक्त, ध्वनिमुद्रण आमचं, तारीख आणि जागा अमुक, मूळ फाइल आमच्याकडे. उत्तराला समोरच्याला ३० दिवस आहेत.

२३ फेब्रुवारी, रविवार

दावा मागे घेतला गेला. ज्यांना हे करायचंय त्यांनी मूळ फाइल, कच्चे टेक आणि सरावाचे फोटो जपून ठेवावेत. आम्हाला त्यांचाच आधार वाटला.

ऑर्गन मंडळाला परत दिला. सचिवांनी तो आता सामानाच्या खोलीत न ठेवता तालमीच्या हॉलमध्ये ठेवलाय. चहाचे कप ठेवायला शेजारी वेगळं स्टूल.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

बेसीची तबकडी आजपासून अमेरिकेतही मुक्त. तिघांना संध्याकाळी माडीवर बोलावलं आणि दोन्ही रेकॉर्डिंग एकामागून एक लावली.

अण्णांनी पहिलं ऐकताना डोळे मिटले होते. आमचं संपल्यावर म्हणाले, ‘‘तो लाँगशॉ सूर सोडतच नाही. मी मधेमधे उगाच भरतोय.’’ मास्तरांनी तारखा सांगितल्या: परवापासून पौर्णिमा ओलांडली की पौष अर्धा राहतो, तोवर ते मोकळे. ताईने मंडळाच्या सचिवांना फोन लावला, हॉल रविवारी सकाळी मिळेल का म्हणून.